माळकऱ्याची भाकरी आणि शेतातले जीव



सज्जनहो, हरिनाम सप्ताहाच्या निमित्ताने आपल्या जालना जिल्ह्यात गावोगाव जाणे होते. जाफराबाद-भोकरदनपासून परतूर-मंठ्यापर्यंत, आणि इकडे अंबड-घनसावंगीच्या गोदाकाठापर्यंत, जेथे जावे तेथे श्रोता मुख्यतः शेतकरी. रात्रीचे कीर्तन आटोपले, आरती झाली, की मंडळी जवळ येऊन बसतात आणि मनातले विचारतात. अलीकडे एक प्रश्न पुन्हा पुन्हा कानी येतो : "महाराज, आम्ही माळ घातली, मांसमच्छी सोडली. पण नांगर हाणताना किती जीव मरतेत, फवारणीला तर हिशोबच नाही. मग आमच्या भाकरीत अन् खाटकाच्या सुरीत फरक तो काय राहिला?"

हा प्रश्न विचारणारे दोन प्रकारचे असतात. एक थट्टेखोर. त्याला माळकऱ्याची फजिती पाहायची असते. 'तुमच्याही ताटात हिंसा आहे, मग आमच्या ताटाकडे कशाला बघता,' एवढेच त्याला म्हणायचे असते. दुसरा खरा जिज्ञासू. त्याच्या हातून काल-परवाच काहीतरी घडलेले असते. वखराखाली टिटवीची अंडी फुटलेली असतात, किंवा सोयाबीनची गंजी उचलताना काठीने साप मारलेला असतो, आणि ते त्याच्या मनातून जात नाही. आजचे हे निरूपण त्या दुसऱ्यासाठी आहे. पहिल्याला वाटेत आपोआप उत्तर मिळेल.

आधी एक गोष्ट स्वच्छ मान्य करू. प्रश्नातली वस्तुस्थिती खरी आहे. नांगर चालू लागला, की त्याच्या मागे बगळे आणि साळुंक्या का गोळा होतात? फाळाने माती उलटली, की तिच्यातले किडे, अळ्या, गांडुळे उघड्यावर येतात, म्हणून. बगळ्याला जे दिसते ते आपल्याला दिसत नाही असे नाही, आपण पाहत नाही. टिटवीला घरटे बांधणे ठाऊक नाही. ती काळ्या रानात उघड्या जमिनीवरच अंडी घालते. लावा पक्षी पिकाच्या बुडाशी बसतो. ससा बांधाच्या गवतात पिले ठेवतो. पूर्वी बैलांचे औत होते, त्याची चाल धीमी. औत हाकणारा अंडी पाहून तेवढी जागा सोडून जाई. आता ट्रॅक्टरचा पलटी नांगर आणि रोटाव्हेटर आहे. वर बसलेल्याला खालचे दिसत नाही, आणि दिसेपर्यंत काम होऊन गेलेले असते. गव्हात हार्वेस्टर शिरतो. कपाशीवर हंगामात कितीतरी फवारण्या होतात. बांध पेटवले जातात, उंदरांना विषाच्या गोळ्या टाकल्या जातात. एवढे झाल्यावर दाणा घरात येतो. तेव्हा 'माझी भाकरी निष्पाप' असे कोणी माळकऱ्याने म्हणू नये. मीही म्हणू शकत नाही.

आणि ही शंका आजची नव्हे, फार जुनी आहे. आपल्या शास्त्रकारांनी ती दडवली नाही. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरात पाच कत्तलखाने आहेत असे सांगितले आहे. कोणते? चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याची घागर. पाहा, यात सुरी नाही, कुऱ्हाड नाही. ज्या घरात आयुष्यात कधी मांस शिजले नाही त्या घरातलीच ही पाच साधने आहेत. चुलीत लाकडाबरोबर किडा जळतो, जात्यात दाण्याबरोबर सोंडा भरडला जातो, केराबरोबर मुंगी जाते. घर म्हटले की हे आलेच. त्याच ग्रंथात पुढे दहाव्या अध्यायात नांगराचाही दोष सांगितला आहे : लोखंडी तोंडाचे ते लाकूड भूमीला आणि भूमीत राहणाऱ्यांना मारते, म्हणून शेतीला सज्जन नावे ठेवतात, असा त्याचा आशय.

संस्कृत पाठशाळेत हे वचन आम्हांला शिकवले गेले. पण त्याचा एक परिणाम फार वाईट झाला. ज्यांनी नांगर हाती धरला नाही ते स्वतःला शुद्ध समजू लागले आणि ज्याने धरला त्याला दोषी. आता याच स्मृतीचे दुसरे वचन घ्या. पाचव्या अध्यायात मांसाविषयी बोलताना मनू म्हणतो, की अनुमती देणारा, मारणारा, कापणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा, हे सगळेच घातक होत. हा न्याय मांसाला लावायचा आणि धान्याला लावायचा नाही, हे कुठले तर्कशास्त्र? नांगराखालचा किडा जर शेतकऱ्याच्या माथी, तर त्याच शेतातली ज्वारी खाणाऱ्या पंडिताच्या माथीही त्याचा वाटा आलाच. शहरात तिसऱ्या मजल्यावर बसून गव्हाची पोळी खाणाराही त्यात आला, आणि आम्ही कीर्तनकारही आलो. दोष वाटून घ्यायला नको, पण दाणा मात्र हवा, असे चालत नाही.

आपल्या संतांनी या बाबतीत काय केले ते पाहा. अरणच्या सावतोबांच्या हातात खुरपे होते. खुरपे म्हटले की मुळे तुटतात, माती हलते, मातीतले जीव हलतात. म्हणून पांडुरंगाने सावतोबांना दूर ठेवले काय? उलट त्या मळ्यातच त्यांनी देव पाहिला. शेतीच जर पापाचे मूळ असती, तर वारकरी संप्रदाय उभाच राहिला नसता. पेरणी उरकून, बी मातीत टाकून, आषाढीला पंढरीकडे निघणारा कुणबी हाच या संप्रदायाचा कणा आहे. तेव्हा ज्या शेतकऱ्याला रात्री झोपताना मेलेला साप आठवतो, त्याने शेती सोडण्याचा विचार करू नये. धान्य पिकवणे हा धर्म आहे. आता तो धर्म कसा सांभाळायचा, एवढाच प्रश्न उरतो.

याचे सगळ्यांत सरळ उत्तर महाभारताच्या वनपर्वात आहे, आणि तेही एका मांस विकणाऱ्याच्या तोंडून आले आहे. कौशिक नावाचा एक ब्राह्मण झाडाखाली बसून वेदपठण करीत होता. वरून एका बगळीने त्याच्यावर विष्ठा टाकली. त्याने रागाने पाहिले आणि ती पक्षीण मरून पडली. पुढे तो एका घरी भिक्षेला गेला. घरधनीण पतीच्या सेवेत होती, तिला उशीर झाला. हा रागावला. तेव्हा ती शांतपणे म्हणाली, 'महाराज, मी काही ती बगळी नव्हे.' हा थक्क झाला. रानात घडलेले हिला कसे कळले? तिने त्याला धर्म शिकण्यासाठी मिथिलेला धर्मव्याधाकडे पाठविले. वेदपाठी ब्राह्मण खाटकाच्या दुकानासमोर शिष्य होऊन उभा राहिला!

तेथे हिंसेची गोष्ट निघाली. व्याध म्हणाला, की लोक शेतीला उत्तम म्हणतात, पण नांगर चालवताना जमिनीतले कितीतरी जीव मरतात. धान्याचे बी म्हणता, तेही जीवच. माणूस चालतो, बसतो, निजतो, तेव्हाही नकळत जीव मारतोच. आकाश आणि भूमी सगळी जिवांनीच भरली आहे. मग अहिंसक म्हणावा कोणाला? अहिंसेचे व्रत घेतलेले यतीसुद्धा हिंसा करतात.

थट्टेखोर मनुष्य येथेच पोथी मिटतो आणि म्हणतो, 'बघा, झाले की नाही? सगळेच मारतात. मग खा काय खायचे ते.' पण अहो, पोथी एवढ्यात मिटू नका. व्याध त्याच दमात पुढे सांगतो, की यत्न केल्याने ती हिंसा कमी होते. सगळे मर्म या 'कमी' शब्दात आहे. शून्य होते असे तो म्हणत नाही. 'शून्य होत नाही म्हणून सोडून द्या' असेही म्हणत नाही. यत्न करा, कमी होईल, एवढेच. आणि दुसरी गोष्ट तर थट्टेखोरांना ठाऊकच नसते. तो धर्मव्याध पिढीजात धंदा म्हणून मांस विकीत होता खरा, पण 'मी स्वतः मारीत नाही आणि मांस खात नाही' असे त्याने स्वतःच्या तोंडाने कौशिकाला सांगितले आहे. म्हणजे हिंसा अटळ आहे हे ज्याला सर्वांत चांगले कळले होते, त्याने आपल्या ताटापुरती ती कमी केली होती!

आता कोणी म्हणेल, 'महाराज, मांस सोडल्याने हिंसा कमी होते कशावरून? कोंबडी एक मरते, फवारणीत किडे हजार मरतात.' ठीक आहे, हिशोब मांडू. आपल्या भोकरदन-जाफराबादकडे मका पिकतो. तो कोठे जातो? बराचसा कोंबड्यांच्या खाद्यात. आपली सोयाबीन गिरणीत जाते. तेल माणसाला, पेंड कोंबड्यांना. म्हणजे त्या कोंबडीच्या पोटात आधी आपलेच शेत गेलेले असते. तो नांगर, ती फवारणी, त्या गंजीतला साप, हे सगळे तिच्या मांसात जमा आहेच. वर तिचा स्वतःचा जीव वेगळा. आणि एक किलो मांस तयार व्हायला धान्य एक किलो पुरत नाही, त्याच्या कितीतरी पट लागते. साऱ्या जगाचा हिशोब अभ्यासकांनी २०१८ साली प्रसिद्ध केला. जगातल्या शेतीच्या जमिनीपैकी, कुरणे धरून, तीन चतुर्थांशाहून अधिक जमीन जनावरांची चराई आणि चारा यांत गुंतलेली आहे. आणि तिच्यातून माणसाच्या अन्नातली ऊर्जा मिळते ती पाचव्या हिश्श्याहूनही कमी. तेव्हा मांस खाणारा नांगरातून सुटला, असे नाही. त्याच्यासाठी नांगर अधिक चालतो.

यात एक गोष्ट प्रामाणिकपणे बाजूला ठेवली पाहिजे. जेथे काही पिकत नाही अशा माळावर शेळ्यामेंढ्या चारून जगणारा धनगर आपल्याच गावशिवाराचा आहे. त्याच्या मेंढीने कोणाच्या शेतातला मका खाल्लेला नाही. वरचा हिशोब त्याला जसाच्या तसा लागू पडत नाही, आणि त्याला बोल लावण्याचा अधिकार माळेने आपल्याला दिलेला नाही. माळ आपल्या गळ्यासाठी आहे. ती काढून दुसऱ्याच्या पाठीत मारायची नसते.

'किडे हजार मरतात' या बोलण्याचीही थोडी तपासणी करू. इंग्लंडमध्ये दोन अभ्यासकांनी गव्हासारख्या पिकांतल्या तेहतीस रानउंदरांच्या गळ्यात लहान यंत्रे बांधली आणि कापणीच्या वेळी त्यांचे काय होते ते पाहिले. १९९३ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. कापणीच्या यंत्राखाली मेला एकच उंदीर. पण सतरा उंदीर कापणीनंतर घुबडांनी व इतर शिकारी प्राण्यांनी खाल्ले, कारण लपायला पीकच उरले नाही. यातून दोन धडे मिळतात. आपण डोळे मिटून कल्पितो तेवढे प्रत्यक्ष यंत्राखाली मरत नाहीत, हा पहिला. आणि दुसरा असा, की मरण पुष्कळदा पात्यापेक्षा आसरा गेल्याने येते. बांधावरचे गवत, कडेची बोर, निवडुंग, शेताच्या कोपऱ्यातली चार झुडपे ही जर ठेवली, तर जिवाला पळायला जागा राहते. बांध कोरून कोरून आपण तो वीतभर करून टाकला आहे. दोन भावांच्या भांडणात बांध जातो, आणि बांधाबरोबर ससा, लावा, मुंगूस, सरडा यांचे घर जाते. त्यांना तलाठ्याकडे जाऊन सात-बारा काढता येत नाही.

आपल्या आया-बहिणींना हे सगळे एका कहाणीत ठाऊक आहे. नागपंचमीची कहाणी ती. शेतकरी नांगरीत होता, फाळ वारुळाला लागला, नागिणीची पिले मेली. नागिणीने रागाने त्याच्या घरची माणसे डसली. एक लेक परगावी दिली होती, तिलाही डसायला नागीण निघाली. जाऊन पाहते तो त्या लेकीने पाटावर नागाचे चित्र काढून पूजा मांडलेली, दुधाची वाटी पुढे ठेवलेली. नागिणीचा राग निवाला. तिने अमृत दिले आणि माहेरची माणसे उठली. म्हणून त्या दिवशी नांगर धरायचा नाही, विळीवर चिरायचे नाही, तवा ठेवायचा नाही. या कहाणीत शेतकऱ्याने मुद्दाम मारले असे कोठेही नाही. नकळतच मेली. तरीही दुःख झाले ते झालेच, आईचे काळीज फाटले ते फाटलेच. 'मला दिसले नाही' एवढ्याने हिशोब पुरा होत नाही, हे आपल्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या आज्यांना कळत होते. त्यांनी वर्षातला एक दिवस नांगराला विसावा दिला. नागाला दूध पाजणे हे मात्र त्याला अपायकारक. त्याला दूध पचत नाही. चित्राची पूजा करावी आणि खऱ्या सापाला वाट द्यावी.

आता कामाचे बोलू. शेतातली हिंसा सगळी एका तोलाची नाही. तिचे तीन भाग करावेत : अटळ, बेफिकिरीची आणि क्रूरतेची.

अटळ म्हणजे यत्न करूनही जी होते ती. नांगराखालचे गांडूळ, पाण्याच्या पाळीत वाहून गेलेली मुंगी. हिच्यासाठी रडत बसू नये. ज्ञानोबारायांनी तेराव्या अध्यायात अहिंसेचे लक्षण विस्ताराने सांगितले, ते बहुतेक चालण्या-बोलण्याचे, पाहण्याचे, हात हलवण्याचे लक्षण आहे. कमळावर भुंगा पाय ठेवतो तसा भूमीवर पाय ठेवणारा पुरुष त्यांनी तेथे दाखवला आहे. पाय न ठेवणारा नव्हे, जपून ठेवणारा. शेतकऱ्याने एवढे केले की त्याचे काम झाले.

दुसरी बेफिकिरीची हिंसा. आपल्या शिवारात सर्वांत अधिक हीच आहे, आणि माळकऱ्याने हिचा हिशोब रोज द्यावा.

हार्वेस्टर चारी बाजूंनी गोल फिरवत आत नेला, की ससे, लावे, पिले मध्ये कोंडतात. तोच एका कडेने दुसऱ्या कडेकडे नेला, तर त्यांना पळता येते. डिझेल तेवढेच लागते. गव्हाचे काड आणि पऱ्हाट्या पेटवून दिल्या, की जमिनीवरचा जीव तर जळतोच, पण जमिनीचा कसही जळतो. कुटी करून मातीत मिळवावे, सगळ्यांचे भले होते.

फवारणीचे तर आपल्या जिल्ह्याला विशेष कळावे, कारण बियाण्याचा जिल्हा म्हणून जालन्याचे नाव देशभर आहे. बदरीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली. २००२ साली बोंडअळीला मारणाऱ्या बीटी कपाशीला देशात परवानगी मिळाली, ती याच घराण्याच्या बियाण्याला. सुरुवातीला बोंडअळीवरच्या फवारण्या कमी झाल्या. पण गुलाबी बोंडअळी त्या बियाण्याला सरावली, आणि २०१७ साली महाराष्ट्रभर तिने बोंडे पोखरली. मग पुन्हा पंप पाठीवर आला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पाहा, किड्यासाठी उचललेले विष माणसापर्यंत येते. मधल्या मधमाशीची, ढालकिड्याची, चिमणीची तर गणतीच नाही. सरकीचे तेल आपल्या पोटात जाते आणि कापसाचे धोतर अंगावर असते. तेव्हा हा विषय वारकऱ्याचा नाही असे कोणी म्हणू नये. पांढऱ्या धोतरालाही या फवारणीचा वास आहे.

फवारणी सोडून द्या, असे मी म्हणत नाही; कर्ज काढून पेरलेले पीक अळीला अर्पण करा, असे सांगायला कोणाचीच जीभ वळणार नाही. पण शेजाऱ्याने मारले म्हणून आपणही मारायचे, ही फवारणी नव्हे, हा घाबरटपणा आहे. आधी शेतात फिरून अळी खरेच किती आहे ते मोजावे. कामगंध सापळे लावावेत. पक्ष्यांना बसायला काठ्या रोवाव्यात. तो आपला फुकटचा गडी आहे. निंबोळीचा पाच टक्के अर्क घरी होतो. आणि विष मारायचेच झाले, तर मधमाशा परतल्यावर, सायंकाळी मारावे, तोंडाला फडके बांधावे, आणि पंप ओढ्यात धुऊ नये. उंदराला विष घातले, तर तो विषारी उंदीर खाऊन घुबड मरते, मांजर मरते. ज्या गव्हाणी घुबडाला आपण अपशकुनी म्हणून हाकलतो, ते रात्रभर शेतातले उंदीरच टिपते. लक्ष्मीचे वाहन कोणते, ते पुराणात सांगितलेच आहे. त्याला दगड मारून घरात लक्ष्मी कशी यावी?

शेततळ्यांचेही तसेच. कडवंचीसारख्या गावाने पाणी अडवून, शेततळी करून, दुष्काळी रानात द्राक्षे उभी केली. धन्य ते गाव! आता जिल्हाभर शेततळी झाली आहेत. पण प्लास्टिकच्या कागदावर पाय घसरतो. उन्हाळ्यात तहानेने आलेला कोल्हा, ससा, रोही, गावचे कुत्रे आत उतरते, आणि मग त्याला वर येता येत नाही. पोहून पोहून ते बुडते. माणसांची लेकरेही अशीच गेली आहेत. एका कोपऱ्यात जाड दोरखंडाची जाळी किंवा जुने टायर बांधून सोडले, तर जीव वर चढतो. भोवती कुंपण घालावे आणि कुंपणाबाहेर एक लहान हौद भरून ठेवावा. याला फार पैसा लागत नाही, फक्त बुडणाऱ्याची आठवण लागते.

तिसरी क्रूरतेची हिंसा. रानडुक्कर आणि रोही रात्रीतून उभे पीक लोळवतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. दोन एकरवाल्याचे वर्ष जाते. त्याचा संताप मला समजतो. पण म्हणून तारेत करंट सोडायचा? त्या तारेला डुक्कर लागते तसा पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारीही लागतो. कणकेच्या गोळ्यात स्फोटक दारू घालून टाकायची? ती गोळी डुकराआधी गाईने खाल्ली तर? २०२० साली केरळात एका गाभण हत्तिणीने स्फोटक भरलेले फळ खाल्ले, तिचे तोंड फाटले, आणि ती नदीच्या पाण्यात उभी राहून मेली. साऱ्या देशाने हळहळ केली. आपल्या रानातले डुक्करही तसेच जबडा फाटून दिवसेंदिवस हिंडते, त्याच्यासाठी कोणी हळहळत नाही, एवढाच फरक. माळकऱ्याच्या शेतात ही गोळी आणि ही तार असता कामा नये. राखण करण्याचा हक्क आपल्याला आहे : माळा आहे, डबा वाजवणे आहे, गोफण आहे, सौरकुंपण आहे. वन्यप्राण्यांनी पीक खाल्ले तर वनखात्याकडून भरपाईची तरतूद आहे. पंचनाम्याला खेटे घालावे लागतात, पण ते घालावेत. आदिपर्वातल्या मांडव्य ऋषींची गोष्ट आठवा. त्यांना निरपराध असता सुळावर चढवले. यमधर्माला विचारले तेव्हा कळले, की लहानपणी त्यांनी गवताच्या काडीने पाखरांना टोचले होते! मांडव्यांनी यमाला 'एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा' म्हणून शाप दिला, आणि लेकराच्या चुकीला पाप मोजू नये अशी मर्यादा घातली. पण आपण काही लेकरे नाही.

आता ज्याच्यासाठी मी एवढे बोललो ते शेवटचे. मनूने पाच कत्तलखाने सांगितले ते घाबरवण्यासाठी नव्हेत. लगेच त्याने पाच यज्ञही सांगितले आहेत. त्यांतला एक भूतयज्ञ, म्हणजे प्राणिमात्रांचा वाटा. गोग्रास, कावळ्याचा घास, कुत्र्याची भाकर, मुंगीची चिमूटभर साखर. ही भीक नव्हे, ही परतफेड आहे. ज्यांच्या घरातून आपण दाणा आणला, त्यांना त्यातले काही परत. तुकोबाराय शेताची राखण करायला बसले आणि पाखरांना हाकलीनात, ही गोष्ट आपण कीर्तनात रंगवून सांगतो. ज्यांनी दुष्काळात घरची माणसे अन्नान्न होऊन गेलेली पाहिली होती, ते हे करीत होते, हे ध्यानात घ्या. आपल्याला तेवढे जमणार नाही. न जमो. पण मळणीनंतर खळ्याच्या कडेला पसाभर दाणे, उन्हाळ्यात झाडाला बांधलेले पाण्याचे मडके, आणि टिटवीच्या अंड्यांभोवती सोडलेली चार हात जागा, एवढे तरी जमेल.

आणि एक गोष्ट मनाला फार लागते, ती स्पष्ट बोलतो. सप्ताहाचा काला झाला, पंगती उठल्या, की पत्रावळींकडे पाहा. अर्धा भात, अख्ख्या पोळ्या, वाटीभर वरण तसेच. शेतात जे जीव गेले ते कोणाच्या तरी पोटासाठी गेले, एवढे तरी समाधान होते. पत्रावळीत टाकलेल्या घासामागचे जीव कोणासाठी गेले? कोणासाठीच नाही. मांस न खाणाऱ्या हजार माणसांच्या पंगतीत जर चार पोती अन्न उकिरड्यावर गेले, तर त्या अहिंसेला काय म्हणावे? 'एकादशी, दुप्पट खाशी' अशी आपली थट्टा लोक करतात, तीही उगाच नव्हे. प्रत्येक सप्ताह समितीला माझी हात जोडून विनंती आहे : वाढपी मंडळींनी आग्रह करू नये, थोडे वाढावे, पुन्हा यावे, आणि पानात टाकणाऱ्याला महाराजांनी कीर्तनातच ऐकवावे. मी ऐकवतो.

तेव्हा प्रश्नकर्त्या बंधूला माझे उत्तर हे. तुझ्या भाकरीत आणि खाटकाच्या सुरीत फरक आहे, पण तो तुला फुशारकी मारण्याएवढा नाही. माळ घातल्याने तुझ्या डोक्यावरचे कर्ज कमी झाले आहे, फिटलेले नाही. कर्जदाराने गावात मान वर करून शेजाऱ्याचे कर्ज मोजू नये, आपले हप्ते भरावेत. एक बांध जप, एक फवारणी वाचव, शेततळ्यात एक दोर सोड, ताटात एक घास टाकू नकोस. येत्या एकादशीला यांतले कोणतेही एक कर, आणि पुढच्या एकादशीला दुसरे. ज्ञानोबारायांनी आपल्या ग्रंथाच्या शेवटी जे दान मागितले ते साऱ्या प्राणिमात्रांसाठी मागितले. त्या दानात आपल्या काळ्या रानातली टिटवीही आली.

बोला, पुंडलीक वरदा हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम!